एकशेबारा भागांचा आखाडा

‘यू यू हाकुशो’ बघावी का, असे मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारते. ११२ भाग, प्रत्येकी सुमारे २३ मिनिटे, म्हणजे त्रेचाळीस तासांचा मामला. तेव्हा प्रश्न रास्तच आहे. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र ते का, हे सांगायला १९९०च्या टोकियोत जावे लागते.

‘शोनेन जंप’ हे मुलांचे चित्रकथांचे नियतकालिक १९६८ मध्ये निघाले आणि लवकरच साप्ताहिक झाले. त्याच्या अंकात वाचकांसाठी कार्ड असते. आवडलेल्या कथा कळवायच्या. मते घसरली की कथा बंद, मग चित्रकार कितीही मोठा असो. १९९४ च्या अखेरीस या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. अशा बाजारात स्पर्धा हा हुकमी एक्का ठरला. एक लढत संपली की पुढची तयारच. नवे पात्र आणायला वेगळे कथानक रचायला नको. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्या रेवड्यांपासून सुरू होऊन शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत चढत जातात, तसाच हा चढ. ‘ड्रॅगन बॉल’ने तो १९८०च्या दशकात घराघरात पोहोचवला होता.

योशिहिरो तोगाशी याने १९९० मध्ये ‘यू यू हाकुशो’ सुरू केली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि त्याची कथा मुळात मारामारीची नव्हतीच. उरामेशी युसुके नावाचा उनाड पोरगा एका लहान मुलाला मोटारीखालून वाचवताना मरतो. गंमत पुढे आहे. परलोकाच्या हिशेबात हा मृत्यू धरलेलाच नसतो, कारण असा मुलगा कुणासाठी जीव देईल असे तिथे कुणाला वाटलेच नव्हते! त्याला परत पाठवणारा अधिकारी म्हणजे कोएनमा, तोंडात चोखणी आणि हातात शिक्के घेतलेले बाळ. ‘एनमा’ म्हणजे आपला यम. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमध्ये गेला, तिथे न्यायाधीश झाला आणि पुढे जपानात पोहोचला. कोएनमा म्हणजे छोटा यम. चित्रगुप्ताच्या वहीवर विश्वास ठेवून वाढलेल्या वाचकाला वहीतली ही चूक फार गोड वाटेल.

भुतांच्या या हळव्या गोष्टी लवकरच मागे पडतात आणि कथा लढतींकडे वळते. मूळ चित्रकथेवर पिएरो स्टुडिओने, नोरियुकी आबे यांच्या दिग्दर्शनाखाली, ऑक्टोबर १९९२ पासून मालिका केली. तिचे सुमारे चाळीस भाग एकाच स्पर्धेला वाहिलेले आहेत, ‘अंकोकु बुजुत्सुकाई’ म्हणजे अंधारातली युद्धसभा. एका बेटावर राक्षसांचे संघ लढतात, श्रीमंत माणसे त्यांच्यावर पैसे लावतात. सुरुवातीच्या काही लढती कंटाळवाण्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रेक्षागृहातल्या पात्रांनी प्रत्येक ठोशाचा अर्थ समजावून सांगण्याची सवय तर अगदी जाच आहे. केइको ही युसुकेची मैत्रीण, तिला जवळपास सगळा वेळ नुसते बघत बसावे लागते.

तरीही या स्पर्धेत तोगुरो आहे. पन्नास वर्षांपूर्वी हा माणूस होता, गेनकाई नावाच्या स्त्रीचा सहकारी. एका राक्षसाने त्याचे शिष्य मारले, तो काही करू शकला नाही. मग तो याच स्पर्धेत उतरला, जिंकला आणि बक्षीस म्हणून त्याने राक्षस होणे मागितले. कारण शरीर थकणार, जोर ओसरणार, हे त्याला सोसवत नव्हते. गेनकाईही त्याच संघात होती. तिने म्हातारे होणे पत्करले. युसुकेला घडवते ती हीच सुरकुतलेली, तिरसट, बुटकी बाई. स्पर्धेच्या ऐन मध्यावर ती आणि तोगुरो समोरासमोर येतात तेव्हा कोण जिंकणार हा प्रश्न उरतच नाही. एकाने काळाला नकार दिला, दुसरीने होकार, आणि दोघेही एकमेकांना अजून ओळखतात, एवढेच दिसत राहते. शेवटी हरलेला तोगुरो परलोकात स्वतःहून सर्वांत कठोर नरक मागून घेतो. मुलांच्या साप्ताहिकात हे छापले जात होते!

दर आठवड्याला आधीपेक्षा बलवान प्रतिस्पर्धी पुरवायचा, थकायचे नाही, थांबायचे नाही. तोगुरोची अट आणि चित्रकाराची अट मला एकच वाटते. हा माझा तर्क आहे, पण पुढचा इतिहास त्याला धरून चालतो. १९९४ मध्ये, लोकप्रियता भरात असताना, तोगाशीने कथा संपवली. त्याच वर्षी स्वतः छापलेल्या एका पुस्तिकेत त्याने कारणे मांडली. त्यात कामाचा ताण आणि ढासळलेली तब्येत होतीच. शेवटच्या पर्वात युसुके राक्षसलोकाचे राज्य कुणाचे हे ठरवायला पुन्हा एक स्पर्धाच सुचवतो. वाचक सरसावून बसतो, आणि तोगाशी ती जवळजवळ न दाखवताच उरकतो. नायक मध्येच हरतो. जिंकतो तो एन्की, ज्याची ओळखही आपल्याला धड झालेली नसते. अनेकांना हा शेवट फसवणूक वाटतो. मला तो या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. मालिकेने तो थोडा सावरून घेतला आहे, तरी घाई लपत नाही. ती जानेवारी १९९५ मध्ये संपली.

तोगाशीने १९९८ मध्ये ‘हंटर × हंटर’ सुरू केली. तिच्यातल्या परीक्षेच्या अंतिम फेरीत जिंकणारा लगेच उत्तीर्ण होऊन बाहेर पडतो, हरणारा पुढे लढत राहतो, आणि शेवटी एकच जण नापास होतो. ही कथा पाठदुखीमुळे वर्षानुवर्षे थांबत आली आहे.

बघायची असेल तर पहिल्या भागापासून बघा. थेट स्पर्धेवर उडी मारलीत तर तोगुरो नुसता धिप्पाड खलनायक दिसेल आणि गेनकाई नुसती खडूस म्हातारी. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने खऱ्या नटांना घेऊन केलेली पाच भागांची आवृत्तीही आहे. तिच्यावर वेळ कमी जातो, पण म्हातारे व्हायला लागणारा वेळ पाच भागांत मावत नाही.