कुत्रा आणि माणसाच्या खुणा

माणसाचे बोट, नजर, आवाजाचा सूर आणि हालचाल यांवरून त्याचा रोख ओळखण्याची कुत्र्याची क्षमता. बदलापूरच्या कात्रपसारख्या वस्तीत ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानाच्या पायरीशी पहुडलेला कुत्रा ‘यू यू’ ऐकताच कान टवकारतो, ‘हाड’ म्हटले की चार पावले मागे सरकतो. आणि कुणी चप्पल नीट करायला वाकले, तरी दगड येणार असे धरून पळ काढतो.

१९९८ पासून अमेरिकेत ब्रायन हेअर आणि हंगेरीत आदाम मिक्लोशी यांनी या क्षमतेवर संशोधन प्रसिद्ध केले. दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकात खाऊ ठेवायचा आणि त्याच्याकडे बोट दाखवायचे, अशी साधी कसोटी. २००२ मध्ये हेअर व सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा खुणा समजण्यात कुत्रे चिंपांझींहून सरस असतात आणि लहान पिल्लांनाही हे जमते. २०२१ मध्ये अमेरिकेतील ३७५ पिल्लांच्या अभ्यासात, या गुणातील पिल्लागणिक फरकाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग आनुवंशिक असल्याचे आढळले.

मात्र नुसती खूण पुरेशी नसते. ती आपल्यासाठी आहे, हे कुत्र्याला कळावे लागते. २०१२ मध्ये हंगेरीतील संशोधकांनी कुत्र्यांना चित्रफिती दाखवल्या. पडद्यावरील व्यक्तीने आधी त्यांच्याकडे पाहून प्रेमळ आवाजात हाक मारली, तरच कुत्र्यांची नजर तिच्या नजरेमागे भांड्याकडे वळली. तान्ह्या बाळांमध्येही असेच दिसते.

हे सारे पाळीव कुत्र्यांचे. रस्त्यावरच्यांचे काय?

त्याचे उत्तर भारतातून मिळाले. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने १६० प्रौढ भटक्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाने दुरूनच भांड्याकडे बोट दाखवले; कधी तर क्षणभरच दाखवून हात मागे घेतला. जवळ आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्रे नेमक्या भांड्याकडे गेले. त्यांना कुणीही शिकवलेले नव्हते. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात प्रौढ कुत्रे खूण आंधळेपणाने पाळत नाहीत, हेही दिसले होते: माणूस फसवतो की खरे सांगतो, हे अनुभवून ते वागणे बदलतात.

२०२०च्या प्रयोगातले निम्मे कुत्रे मात्र भांड्यांपाशी फिरकलेच नाहीत. त्यांच्यात भीती आणि अस्वस्थता अधिक दिसली. वाकणाऱ्या माणसापासून पळणारा कात्रपचा कुत्राही खूण वाचतच असतो. त्याला आठवतो तो आधी बसलेला दगड.