सीमा, आकार आणि मराठवाडा

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना कायगाव-टोका येथे गोदावरी ओलांडावी लागते. आज येथे केवळ जिल्हा बदलतो. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे मुंबई इलाखा. दोन्ही तीरांवर भाषा मात्र एकच होती.

सलग, आटोपशीर आकाराचे राज्य एकसंध राहते आणि नदी-डोंगरांची सीमा कागदावरच्या रेषेपेक्षा टिकाऊ असते, असे सामान्यतः मानले जाते. हैदराबाद संस्थानाला हे दोन्ही निकष लावून पाहावेत. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा सलग मुलूख. उत्तरेला पैनगंगा आणि वर्धा, दक्षिणेला तुंगभद्रा आणि कृष्णा. परंतु पैनगंगा ही सीमा निसर्गाने ठरवली नव्हती. १८५३ च्या तहाने, फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, वऱ्हाड कंपनीकडे गेला, तेव्हा ती सीमा झाली. नदी जुनीच होती. सीमा कर्जातून जन्मली.

आत सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम मात्र उर्दू. आकार सलग होता, पण प्रजेला सांधणारा धागा राज्यकर्त्यांनी विणलाच नाही. समुद्रकिनारा नसलेल्या या राज्याला चहूबाजूंनी भारताने वेढले होते. ज्या सीमेने ते बंदिस्त केले, तिच्याच पलीकडे मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली लष्करी कारवाई १७ तारखेला शरणागतीने संपली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे त्रिभाजन झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मग भाषा हाच ऐक्याचा खरा पाया म्हणावा काय? त्याच पुनर्रचनेत आंध्रशी जोडलेला तेलंगणा, भाषा एक असूनही, २ जून २०१४ रोजी वेगळा झाला. मराठवाड्याने तसे केले नाही. परंतु त्याच्या अनुशेषासाठी घटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ नेमावे लागले, आणि त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

नकाशा लोकांना एकत्र आणतो. एकत्र ठेवण्याचे काम न्याय्य वाटपाचे आहे. टोक्याजवळची राज्यसीमा पुसली गेली, याचा आनंद आहेच. तिच्या दोन्ही तीरांना गोदावरीचे पाणी समन्यायाने मिळते काय, या प्रश्नावर त्या ऐक्याची परीक्षा होत राहील.