सूझा यांची शाईतील मुखरेखाटने

फ्रान्सिस न्यूटन सूझा (१२ एप्रिल १९२४ – २८ मार्च २००२) या गोव्यात जन्मलेल्या आधुनिक चित्रकाराने लेखणी व काळ्या शाईने कागदावर काढलेल्या, मानवी चेहऱ्याचे विरूपण करणाऱ्या रेखाटनांचा हा समूह आहे. १९५५ मधील 'सिक्स जेंटलमेन ऑफ अवर टाइम्स' ही सहा मस्तकांची मालिका त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

पार्श्वभूमी

सूझा यांचा जन्म बार्देशमधील साळगाव येथे कॅथलिक कुटुंबात झाला. ते काही महिन्यांचे असतानाच वडील वारले. बालपणी देवीच्या रोगातून ते बचावले, म्हणून आईने त्यांच्या नावात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव जोडले. मुंबईत शाळेतून अश्लील चित्रांच्या आरोपावरून (इतरांनी वाईट काढलेली चित्रे आपण फक्त दुरुस्त केली, असे त्यांचे म्हणणे होते), तर १९४५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून राजकीय सहभागामुळे त्यांना काढण्यात आले. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथील हलाखीची वर्षे १९५५ मधील गॅलरी वन येथील प्रदर्शनानंतर सरली.

शैली

या रेखाटनांत डोळे कपाळावर चढलेले असतात, नाक लांब दांड्यासारखे खाली उतरते आणि दातांच्या रांगा ओठांबाहेर येतात. छायाप्रकाश जवळजवळ नाहीच; घनतेचा भास आडव्या-उभ्या छेदरेषांच्या जाळीतून निर्माण होतो. शाईची रेघ पुसता येत नसल्याने हाताचा निर्णय कागदावर तसाच राहतो, आणि सूझा यांच्या रेषेचा ठामपणा येथे तैलचित्रांपेक्षाही उघड दिसतो. गोव्यातील चर्चमधील संतांच्या मूर्ती, आफ्रिकी शिल्पे व पिकासो यांचे संस्कार त्यांत आढळतात. मात्र चेहरा ओळखू येण्याच्या सीमेपर्यंत मोडला तरी तो पूर्णतः अमूर्त होत नाही. कोट-टाय घातलेला प्रतिष्ठित गृहस्थ त्यामागे कायम राहतो, आणि चित्रातील उपहासाची धार त्यावरच अवलंबून आहे.

१९५९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'वर्ड्स अँड लाइन्स' या पुस्तकात सूझा यांचे लेखन व रेखाटने एकत्र आली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाल्यानंतर त्यांनी मासिकांच्या छापील पानांवरील शाई रसायनाने विरघळवून त्यांवर आकृती काढल्या. ही कामे 'रासायनिक चित्रे' म्हणून ओळखली जातात.