एकट्याचा रोडगा

हदगाव तालुक्याच्या उत्तर शिवेवरून पैनगंगा वाहते. एके काळी तिच्या अलीकडे निजामाचा प्रत्यक्ष अंमल आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड अशी वाटणी होती. आज तिच्या दोन तीरांवर नांदेड आणि यवतमाळ हे एकाच राज्याचे दोन जिल्हे आहेत. राज्ये बदलली, परंतु माहूरगडच्या रेणुकेस पायी जाणाऱ्या माणसाची वाट या नदीच्या खोऱ्यातूनच जात राहिली. मोटारी येण्यापूर्वी हदगावच्या बाजूने निघालेल्या यात्रेकरूस वाटेत दोन-तीन मुक्काम पडत. मेळ्याने जाणारे मेळ्यात जेवत. पण नवस फेडावयास, किंवा घरच्या कटकटीस कंटाळून चार दिवस देवीच्या पायाशी राहावयास एखादा गृहस्थ एकटाच निघे. संध्याकाळी झाडाखाली त्याने पडशी उतरविली, की एक साधा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. खावयाचे काय, आणि ते करावयाचे कशावर?

पडशीत जाडसर दळलेले गव्हाचे पीठ, गुळाचा खडा आणि मिठाची पुरचुंडी असे. तवा नाही, पोळपाट नाही, परात नाही. या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी जो तोडगा शोधून काढला, त्याचे नाव रोडगा.

रोडगा करणे सोपे आहे असे म्हणतात, पण ज्याने तो एकदा जाळला आहे तो तसे म्हणणार नाही. प्रथम माळावर वाळून पडलेल्या रानशेण्या गोळा करून त्यांचा ढीग रचावयाचा आणि तो पेटवून द्यावयाचा. लाकडाचा जाळ येथे उपयोगी नाही. तो वरून करपवितो आणि आत कच्चे ठेवितो. गोवरी मात्र सावकाश जळते, आणि ज्वाळा विझल्यावरही तिचा आर बराच वेळ सारखी धग देत राहतो. ढीग जळत असताना पळसाच्या पानांवर किंवा धुतलेल्या पंचाच्या पदरावर पीठ घट्ट मळावयाचे. तूप किंवा तेल असल्यास त्याचे थोडे मोहन घालावयाचे. मग मुठीत मावेल एवढा गोळा करून तो किंचित दाबावयाचा. धूर पूर्णपणे सरल्यावाचून गोळे विस्तवात घालू नयेत, नाही तर धुराचा कडवट वास शेवटपर्यंत जात नाही. आर पसरून त्यावर गोळे मांडावयाचे, दोन्ही अंगांनी डाग पडले की वरून गरम फुफाटा ओढून ते झाकावयाचे आणि थांबावयाचे. अर्ध्या-पाऊण तासाने रोडगा फुटतो, म्हणजे त्याला वरून भेग पडते. तीच तो शिजल्याची खूण. मग राख झटकून तो फोडावयाचा.

गोड रोडग्याची युक्ती याहून जरा नाजूक आहे. गूळ पिठातच कालवला, तर विस्तवाशी गाठ पडताच तो काळा पडतो आणि आतले पीठ शिजण्यापूर्वी वरचे कवच कोळसा होते. यास्तव जाणते लोक गूळ किसून, जवळ तीळ असल्यास त्यात मिसळून, गोळ्याच्या पोटात भरीत आणि तोंड घट्ट मिटवीत. ते तोंड जर उकलले, तर पाक निखाऱ्यांवर सांडतो आणि सारे श्रम व्यर्थ जातात. ज्यांना हा धोका नको असे ते साधाच रोडगा भाजून तो गरम असतानाच कुसकरीत आणि गूळ व असेल तर तूप घालून त्याचा चुरमा करीत. दर्ग्यात वाटला जाणारा मलिदा याच जातीचा. चोळणे, मळणे अशा अर्थाच्या फारसी धातूवरून ते नाव आले आहे. ज्वारीच्या या मुलखात गहू हाच मुळी सणावाराचा पाहुणा होता. त्यामुळे गव्हाचा रोडगा आणि त्यात गूळ हे एकट्या माणसाने स्वतःचे केलेले मोठेच कौतुक म्हणावयास हवे.

या पदार्थाचे कुळ फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. त्याच्या ग्रंथात राजाच्या ताटातील पक्वान्नांबरोबर अंगारपोलिका, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेली पोळी, हिचाही उल्लेख आहे. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात अंगारकर्कटी सांगितली. गव्हाचे कोरडे पीठ पाण्याने घट्ट मळून, त्याचे गोळे धूर नसलेल्या विस्तवावर हळूहळू भाजावे, असे त्या वैद्याचे म्हणणे आहे, आणि हे अन्न बल वाढविणारे आहे असा त्याचा निर्वाळा आहे. धूर नसावा आणि घाई नसावी, या त्याच्या दोन अटी पैनगंगेच्या काठच्या गुराख्याला ग्रंथ न वाचता ठाऊक होत्या. माळव्यात आणि राजस्थानात हिलाच बाटी म्हणतात. बैलांच्या पाठीवर धान्य लादून देशभर हिंडणाऱ्या बंजाऱ्यांच्या बोलीत तर बाटी म्हणजे भाकरीच. किनवट, माहूर, हदगाव या भागांत त्यांचे तांडे आजही आहेत.

परंतु राजाच्या ताटातील अंगारपोलिका आणि वाटसराचा रोडगा यांत भेद आहे, आणि तो पदार्थाचा नसून स्वातंत्र्याचा आहे. हे नीट ध्यानात येण्यासाठी मांड्यांची कथा आठवावी. मांडे भाजावयास खापर लागते, आणि खापर कुंभाराकडचे. आळंदीत मुक्ताबाईस मांडे करावयाचे होते, तेव्हा विसोबाने कुंभारांस ताकीद देऊन तिला खापर मिळू दिले नाही, आणि मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवून आपल्या पाठीवर मांडे भाजविले, अशी आख्यायिका आहे. चमत्कार बाजूस ठेविला, तरी कथेतला समाज खरा आहे. ज्याला वाळीत टाकावयाचे त्याचे खापर बंद करावे, विस्तव बंद करावा, पाणी बंद करावे, ही गावाची रीत होती. मांडे असे अडविता येत. रोडगा अडविता येत नसे, कारण त्यास माळावरचे शेण, नदीचे पाणी आणि मूठभर पीठ याखेरीज कोणाचेच काही लागत नाही.

दुसऱ्याच्या हातचे भाजलेले खाणे ही गोष्ट किती जड जाऊ शके, याचे उदाहरण फार जुने नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. त्यावरून शहरात केवढे ग्रामण्य माजले, आणि त्यातून पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसे गेले, हे सर्वश्रुत आहे. स्वयंपाकी ब्राह्मण वाटसरू आपला रोडगा आपणच भाजी, यात सोवळ्याचा भाग होताच. ते लपविण्याचे कारण नाही. पण ज्याच्या हातचे कोणी खात नसे, असा माणूसही तोच रोडगा तसाच भाजी. एक आपल्या इच्छेने दूर बसे, दुसऱ्यास दूर बसविलेले असे. दोघांच्या फुफाट्यात भेद नव्हता, तरी दोघांच्या एकांतात होता.

आता एक गाठ उरते. आपल्या धर्मग्रंथांनी एकट्यासाठी रांधणे चांगले मानलेले नाही. केवळ आपल्यापुरते शिजविणारा पापच खातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्ताचाही सूर तोच आहे. संन्याशास तर अग्नीच वर्ज्य. त्याने भिक्षेवर राहावयाचे. म्हणजे झाडाखाली आपला रोडगा भाजणारा हा विरक्त नव्हे. तो चार दिवसांपुरता एकटा झालेला संसारी माणूस आहे, त्यास परत जावयाचे आहे, आणि आपण एकटेच गोड खात आहोत याची टोचणीही त्याच्या मनात आहे. म्हणून पहिला तुकडा तो विस्तवास देई, दुसरा समोर आलेल्या मुक्या जनावरास.

नामदेवांची कथा येथे सहज सुचते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी हे गाव कयाधूच्या काठी आहे. १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि हदगावास ते शेजारचेच. नामदेवांची कोरडी भाकर कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. ही कथा मुलांस भूतदयेचा पाठ म्हणून शिकवितात, आणि ते योग्यच आहे. पण तीत एकट्याच्या जेवणाची सारी अडचणही आली आहे. भाकर केली एकट्याने आणि एकट्यासाठी. ती खावयास मात्र दुसरे तोंड लागले.

येथवर जे सांगितले ते पुरुषांचे झाले. रोडगा भाजीत एकटी बसलेली स्त्री जुन्या वाङ्मयात शोधावी, तर ती वाटेवर सापडत नाही. ती सापडते पैठणच्या एकनाथांच्या एका भारुडात. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. रोडग्याचा नवस बोलणारी त्यांची ती सासुरवाशीण महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? सासरा गावास गेला आहे, तो तिकडेच राहो; सासू छळते, तिला लवकर ने; जाऊ, नणंद, नणंदेचे पोर, आणि अखेर नवरासुद्धा, एकेकाची वासलात लावण्याची विनवणी ती भवानीस करते. शेवटी मागते ते एवढेच, की सगळे जावोत आणि मला एकटीला राहू दे. कीर्तनकार या मंडळींस अहंकारादी विकारांची नावे देतात आणि एकटेपणाचा अर्थ मोक्ष असा लावितात. नाथांच्या मनातही तो अर्थ होता, यात शंका नाही. तथापि भारूड ऐकताना बायका हसत असत, त्या मोक्षाच्या आनंदाने हसत होत्या असे मानणे कठीण आहे.

तिने नवस पुरणपोळीचा बोलला नाही, यातही काही आहे असे वाटते. पुरणपोळीस चूल, पाटा, तवा आणि ताटावर बसलेले घर लागते. ज्या चुलीपासून सुटका हवी, त्या चुलीवरचे पक्वान्न ती देवीस काय म्हणून देऊ करील? रोडगा घराबाहेर होतो. पुरुषास तो माहूरच्या वाटेवर कोणास न विचारता भाजता येई; तिला त्यासाठी साऱ्या घराचा निकाल लावून मागावा लागला. नाथांनी हे थट्टेत घातले, म्हणून ते चारशे वर्षे देवळांतून गाता आले.

पुढे रोडग्याचे दैव पालटले. चंपाषष्ठीस खंडोबापुढे वांग्याच्या भरिताबरोबर बाजरीचा रोडगा ठेवितात. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात सुगी संपली की शेतातच गोवऱ्यांचे लांब आर पेटवून रोडग्यांच्या पंगती उठवितात. वरण, वांग्याची भाजी आणि शेवटी गूळ-तूप घालून कुसकरलेला रोडगा, असा तो थाट असतो. एकट्याचे अन्न असे शेकड्यांचे झाले. आता तर शहरात गोळे उकडून तेलात तळतात आणि त्यासही तेच नाव देतात. ज्यांनी फुफाट्यातला खाल्ला आहे ते त्याकडे जरा संशयाने पाहतात. माहूरास एस.टी. जाते, आणि वाटेत मुक्काम करण्याचे कारण उरलेले नाही.

तरीही शेतातल्या त्या पंगतींत आर लावणे आणि रोडगे उलथणे हे काम बहुधा पुरुषच करतात. बायका पीठ मळून देतात आणि भाजीकडे पाहतात. पंगत उठल्यावर राखेत एखादा रोडगा विसरून राहतो. पहाटे राखणदार तो उकरून काढतो, राख फुंकतो आणि खिशातल्या गुळाबरोबर धुऱ्यावर बसून खातो. जवळ कुत्रे असतेच.