नांदेड व लातूर : दोन शहरांच्या आकाशरेषांचा तुलनात्मक विचार

मराठवाड्याच्या नागरी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राजवटी, मुक्तिसंग्राम आणि अनुशेष यांभोवती फिरते. शहरातील इमारतींची आभाळावर उमटणारी रेघ, म्हणजेच आकाशरेषा, हे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच वाचले गेले. नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तरीही त्यांच्या आकाशरेषा भिन्न आहेत आणि हा भेद केवळ उंचीचा नाही.

नांदेडची आकाशरेषा एका घुमटाभोवती उभी आहे. गुरु गोविंदसिंह यांचे देहावसान इ.स. १७०८ मध्ये गोदाकाठच्या या नगरात झाले. त्या स्थानी महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभारली. म्हणजे निजामाच्या मुलखातील या शहराची सर्वात ठळक वास्तू लाहोर दरबाराच्या आश्रयाने उभी राहिली. वास्तुशैलीला प्रदेशाच्या चौकटीत बसविणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे. २००८ मधील गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने गुरुद्वाऱ्याभोवतीचा दाट परिसर मोकळा करण्यात आला. घुमटाचे दर्शन सुलभ झाले. त्यासाठी जुन्या वस्तीने काय गमावले, याची चर्चा मात्र अल्पच झाली.

लातूरला असे शिखर नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली गंजगोलाई हे त्या शहराचे हृदय होय. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, सभोवती दुमजली वर्तुळाकार बाजार आणि तेथे येऊन मिळणारे १६ रस्ते अशी ही रचना आहे. तिचे वैभव नकाशात दिसते, दुरून दिसत नाही. व्यापाराने घडविलेल्या शहराला आभाळात खूण उमटविण्याची गरज भासली नसावी.

बुटकी आकाशरेषा म्हणजे सुरक्षित वस्ती, ही समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे खोटी ठरली. किल्लारी परिसरातील भूकंपात सरकारी नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसे दगावली. घरे उंच नव्हती. दगडमातीच्या जाड, सैल बांधणीच्या भिंती आणि त्यांवर माळवदाचा मातीचा थर होता. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. जीव घेतला तो उंचीने नव्हे, भाराने आणि कच्च्या बांधणीने. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील रुंद रस्ते व सुटी, एकमजली, भूकंपरोधक घरे यांनी गढी, वाडा आणि माळवदांची जुनी रेघ पुसून टाकली.

भूकंपापूर्वीच्या नकाशात हा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणी वर्गांच्या व वसतिगृहांच्या बहुमजली इमारती लातूर शहरात उभ्या राहिल्या त्या या नोंदीच्या आगेमागेच.