टाळी नक्की कशाला वाजवली?

परवा रात्री भूममधल्या एका हॉटेलात चहाला थांबलो होतो. टीव्हीवर 'द गाझी अटॅक' चालू होता. शेवटी पाकिस्तानची पाणबुडी फुटली आणि चार-पाच टेबलांवरून टाळ्या पडल्या. मीही वाजवली. घरी येताना मात्र ती टाळी काही डोक्यातून जाईना.

आमच्या पिढीनं टीव्हीवर युद्ध पाहिलं ते १९८८ सालच्या चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत. अँटेना फिरवायला एक जण पत्र्यावर, बाकीची गल्ली टीव्हीपुढं. नौदलातल्या कुणालाच आजवर परमवीरचक्र मिळालेलं नाही. त्यामुळे आमच्या डोक्यातलं युद्ध म्हणजे रणगाडे, खंदक आणि बर्फ. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या आपल्याला पाणबुडी दिसली ती फार उशिरा, अशा सिनेमांतून. मग सिनेमात दिसलं तोच इतिहास होऊन बसला.

सिनेमात आपली पाणबुडी गाझीला बुडवते. घडलं वेगळंच. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आपलं नौदल म्हणतं, 'राजपूत' या युद्धनौकेनं पाण्यात खोलवर फुटणारे बॉम्ब टाकून तिला बुडवलं. पाकिस्तान म्हणतं, अपघाती स्फोटानं बुडाली. आत नव्वदहून जास्त माणसं होती. एकही वाचला नाही.

आणि पुढचं तर आपण विसरूनच गेलोय. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

जर्मन पाणबुडीवरचा 'दास बूट' हा १९८१ चा सिनेमा. पुढं त्याचीच टीव्ही मालिका झाली. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन एक आठवण सांगायचे. अमेरिकेतल्या खेळात सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं आली: ४०,००० जर्मन पाणबुडी सैनिकांपैकी ३०,००० परतले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रूच मेला होता ना! पण सिनेमा संपला तेव्हा तेच लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मधल्या वेळात त्यांनी त्या लोखंडी पिंपात कोंडलेली माणसं बघितली होती.

देशाभिमान असावाच, त्याबद्दल वाद नाही. पण गाझीवर टाळी वाजवणाऱ्याला खुकरी माहीत नसेल, तर तो अभिमान अर्धवट म्हणायचा. पाण्याखालचं मरण दोन्हीकडं सारखंच.

४ डिसेंबरला नौदल दिनाचं स्टेटस ठेवालच. यंदा ९ तारखेलाही एक ठेवा, खुकरीच्या नावानं. आणि आपल्या तालुक्यातलं कुणी १९७१ ला नौदलात असेल, तर त्यांच्या आठवणी खाली नक्की लिहा. सिनेमापेक्षा त्या जास्त खऱ्या असतील.