समुद्रातील जिवाणू आणि आपले पाणी

वाघोडियापासून समुद्र दूर असला, तरी आपले पाणी शेवटी तिथेच पोहोचते. आपल्या भागातील देव नदी आणि बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री, दोन्ही ढाढरला मिळतात आणि ढाढर खंबातच्या आखातात जाते. त्या पाण्याबरोबर गेलेल्या घाणीचे पुढे काय होते, हे बऱ्याच अंशी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ठरवतात. सभासदांसाठी त्यांची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

संख्या : समुद्राच्या वरच्या थरातील एक मिलिलिटर पाण्यात साधारणपणे पाच ते दहा लाख जिवाणू असतात. खोल पाण्यात ते बरेच कमी होतात. पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून, चमकणारा रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

उत्पादकता : ठरावीक वेळात जिवाणूंची किती नवी वाढ झाली, ती उत्पादकता. संख्या स्थिर दिसली तरी वाढ वेगाने चालू असू शकते, कारण त्यांना खाणारे सूक्ष्मजीव आणि विषाणू ती भर लगेच संपवतात. म्हणून दोन्ही मोजावे लागतात.

परिस्थितीचा परिणाम : अन्न, तापमान, क्षारता आणि प्राणवायू यांवर वाढ अवलंबून असते. अरबी समुद्राचा अभ्यास गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) करत आली आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्याला खालचे पोषक पाणी वर येते; हिवाळ्यात उत्तर भागातील पृष्ठभाग थंड होऊन पाणी ढवळले जाते. दोन्ही वेळी वनस्पती-प्लवक वाढतात. त्यांचे अवशेष खाली जाताना जिवाणू ते कुजवतात आणि प्राणवायू वापरतात. समुद्राच्या मोठ्या भागात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

खंबातच्या आखातात मोठ्या भरती-ओहोटीमुळे पाणी सतत गढूळ राहते. प्रकाश खोल जात नाही, त्यामुळे प्लवकांच्या वाढीला मर्यादा पडते. अशा ठिकाणी नद्यांनी आणलेला सेंद्रिय गाळ जिवाणूंचे महत्त्वाचे अन्न ठरतो.

आपला संबंध : सांडपाणी, उरलेले अन्न, निर्माल्य हे सारे जिवाणूंचे खाद्यच. ते प्रमाणाबाहेर गेले की नदीतला आणि खाडीतला प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात. म्हणून गणपतीचे निर्माल्य नदीत न सोडता त्याचे खत करावे, ही सर्व कुटुंबांना आमची विनंती.